पुसट कतबा आणि प्रवासाचा कॅमेरा

2011 सालची गोष्ट. वऱ्हाडातल्या एका गावात जुनी मशीद पाहायला गेलो होतो. दारावर काळ्या दगडात कोरलेला फारसी कतबा होता, म्हणजे शिलालेख. चार ओळी. खिशातला बटनांचा मोबाइल काढला, एक फोटो घेतला आणि निघालो. पुन्हा येऊ, नीट पाहू असं मनात होतं.

पुन्हा जायला सात वर्षं लागली. तोवर मशिदीचं नूतनीकरण झालेलं. दारावर पांढऱ्या टाइल्स, त्यावर सोनेरी अक्षरात कलमा. कतबा कुठं गेला, हे सांगता येईल असा कुणी भेटला नाही. एकजण म्हणाला, टाइल्सच्या मागंच असेल. दुसरा म्हणाला, दगड फोडून पायात भरला. जमातीनं मेहनतीच्या पैशातून मशीद चकाचक केली होती. त्यांना बोल लावायला माझी जीभ वळली नाही. मी स्वतः काय मोठं केलं होतं?

घरी येऊन जुना फोटो शोधला. दोन मेगापिक्सेलचा. म्हणजे 1600 बाय 1200 ठिपके. त्यात कतब्यानं व्यापलेली जागा एक चतुर्थांश रुंदीचीसुद्धा नाही. सबंध ओळ चारशे ठिपक्यांत बसलेली. फारसी जाणणाऱ्या एका मौलानांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, मोबाइल जवळ-लांब धरला आणि दोन शब्द वाचले. ‘बिना’ आणि ‘मस्जिद’. कुणी बांधली, कधी बांधली, कुणाच्या कारकिर्दीत, सगळं त्या धुरकट ठिपक्यांत गेलं.

आता साडेतीन महिन्यांच्या प्रवासाला निघतोय. सोनाळ्याहून नरनाळा, मग अचलपूर, बाळापूर, रोहिणखेड, सातपुडा ओलांडून बुऱ्हाणपूर, खाली दौलताबाद-खुलताबाद आणि जमलं तर बिदर-गुलबर्ग्यापर्यंत. ईदेच्या आत परत. एसटीनं, रेल्वेनं आणि जिथं काहीच जात नाही तिथं काळी-पिवळीनं. ‘कॅमेरा कुठला घेतलास?’ हा प्रश्न गेल्या महिनाभरात इतक्यांनी विचारला की एकदाचं लिहूनच टाकतो.

पहिला सल्ला घरातूनच आला. भाचा पुण्यात नोकरीला आहे. तो म्हणाला, ‘मामू, घ्यायचाच तर फुल-फ्रेम मिररलेस घ्या. आयुष्यात एकदाच घेताय.’ त्यानं व्हिडिओ पाठवले. त्यात गोरेगोमटे लोक आइसलँडच्या धबधब्यापुढं उभे राहून कॅमेऱ्याचे गुण सांगत होते. फुल-फ्रेम म्हणजे आतलं सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचं, जुन्या रोलच्या फिल्मएवढं. अंधारात चांगलं दिसतं, यात वाद नाही. पण मोठ्या सेन्सरला मोठी लेन्स लागते. दोन लेन्स घेतल्या की पिशवी दोन-अडीच किलोंवर जाते. धबधब्यापर्यंत गाडी जाते म्हणून त्या माणसाला वजन कळत नाही. हिवरखेडहून अकोटला उभ्यानं जाणाऱ्याला कळतं.

दुसरं टोक मोबाइलवाल्यांचं. ‘आताच्या मोबाइलमध्ये सगळं येतं.’ येतं, बरंच येतं. लग्नाचे, लेकरांचे फोटो मीही मोबाइलवरच काढतो. पण लांबच्या प्रवासात मोबाइल हा तुमचा नकाशा असतो, तिकीट असतं, पैशाचं पाकीट असतं आणि घरच्यांशी बोलायचं साधन. दुपारी तीनला त्याची बॅटरी संपली की तुम्ही फोटोलाही मुकता आणि एसटीच्या वेळेलाही. तो चोरीला गेला तर एका झटक्यात सगळंच जातं. शिवाय आमच्याकडच्या उन्हात मोबाइलचा पडदा दिसत नाही. हात लांब करून, डोळे बारीक करून, अंदाजानं बटन दाबायचं. 2011 मध्ये मी तेच केलं होतं. आणखी एक गोष्ट मला खटकते. बरेच मोबाइल स्वतःच्या अकलेनं फोटो ‘सुधारतात’. चेहरा गुळगुळीत झाला तर चालून जाईल. झिजलेल्या दगडावर मोबाइलनं अंदाजानं रेघ ठळक केली तर ती नुक्ता आहे की टवका, हे नंतर कुणी सांगायचं?

कॅमेरा निवडताना लोक मेगापिक्सेल विचारतात. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसानं आधी वीज कुठं मिळणार ते विचारावं. सोनाळा सातपुड्याच्या पायथ्याशी. वर अंबाबरवा अभयारण्य, खाली खारपाणपट्टा, मधे कपाशी आणि संत्री. भारनियमन म्हणजे काय ते आम्हाला शिकवावं लागत नाही. मुसाफिरखान्यात किंवा दर्ग्याच्या हुजऱ्यात मुक्काम असेल तर एका खोलीत एकच पिन आणि त्यावर सहा मोबाइल. मिररलेस कॅमेऱ्याला पडदा सतत पेटता ठेवावा लागतो, म्हणून तो बॅटरी खातो. रिको जीआर-3 हा कॅमेरा मला मनापासून आवडला. बॅटरीसकट 257 ग्रॅम, कुर्त्याच्या खिशात मावतो, आणि सेन्सर मात्र मोठ्या कॅमेऱ्याचं. पण कंपनीच्याच आकड्यानुसार एका चार्जिंगमध्ये साधारण 200 फोटो. त्याला डोळा लावून पाहायची खिडकीही नाही. सोनीचा आरएक्स-100, 2012 चा पहिला, 240 ग्रॅमचा, जवळपास 330 फोटो देतो आणि पॉवर बँकेवर चार्ज होतो. ज्याला माणसं, बाजार, रस्ते टिपायचे आहेत आणि पाठीवर काही नको आहे, त्यानं जुना आरएक्स-100 मिळाला तर डोळे झाकून घ्यावा. त्याचं सेन्सर एक इंची म्हणतात, प्रत्यक्षात 13.2 बाय 8.8 मिलिमीटर. नावावर जाऊ नये.

मी घेतला निकॉन डी-3500. भाच्यानं कपाळावर हात मारला. 2018 चा, आरसावाला, जुन्या चालीचा डीएसएलआर. कंपनीनं आता बनवणंही बंद केलंय. त्याचा आकडा मात्र 1550 आहे. एका चार्जिंगमध्ये दीड हजारांवर फोटो! कारण खिडकीतून दिसतं ते आरशातून आलेलं खरं दृश्य असतं, त्याला वीज लागत नाही. दोन बॅटऱ्या घेतल्या की मला पंधरा-वीस दिवस पिन शोधायची गरज नाही. बॅटरी आणि कार्डासकट 415 ग्रॅम, सोबतची 18-55 ची लेन्स 205 ग्रॅम. दोन्ही मिळून एका बांधलेल्या शिदोरीपेक्षा हलकं. ही लेन्स पाव मीटरपर्यंत जवळ जाते, म्हणजे हातभर अंतरावरून अक्षर टिपता येतं. फोटो 24 मेगापिक्सेलचा, 6000 बाय 4000. चारशे ठिपक्यांत कोंबलेली ती ओळ आता सहा हजार ठिपक्यांत पसरून बसेल. अर्थात जवळ गेलो तर. दूर उभं राहून साठ मेगापिक्सेलसुद्धा उपयोगाचे नाहीत.

उणिवा आहेत. हा पॉवर बँकेवर चार्ज होत नाही, त्याचा वेगळा चार्जर बाळगावा लागतो. युरोपीय संघानं डिसेंबर 2024 पासून नव्या कॅमेऱ्यांना टाइप-सी सक्तीचं केलंय, त्यामुळं नवीन घेणाऱ्याची ही कटकट मिटली. पावसाला-धुळीला रोखणारे रबरी सील यात नाहीत. म्हणून मी लेन्स बदलणारच नाही, एकच लेन्स लावून ठेवणार. कापसाच्या गाडीमागं उभं राहून लेन्स बदलणाऱ्याच्या सेन्सरवर जे डाग बसतात, ते पुढच्या प्रत्येक फोटोतल्या आभाळात दिसतात.

उन्हाचंही सांगायला हवं. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत चालण्याची मर्यादा शून्य ते 40 अंश दिलेली असते. आमच्या अकोला-बुलडाणा पट्ट्यात मार्चअखेर पारा तिथं टेकतो, मे महिन्यात पंचेचाळीसही ओलांडतो. ही पुस्तिका लिहिणारा कधी शेगावच्या फलाटावर दुपारी उभा राहिला नसावा. उपाय साधा आहे. ओलं फडकं बाहेरून गुंडाळू नये, त्यानं आत दमट होतं. कोरड्या सुती कपड्यात गुंडाळून पिशवीच्या मधोमध ठेवावा आणि एसटीत खिडकीच्या बाजूला ठेवू नये. पावसाळ्यात कोकणात जाणार असाल तर मात्र सिलिका जेलच्या पुड्या आणि घट्ट झाकणाचा डबा हवाच, नाहीतर लेन्सच्या आत बुरशी धरते.

जुना घेताना मी तीन गोष्टी पाहिल्या. लेन्सच्या आत टॉर्च मारून बुरशीचे धागे आहेत का. छिद्र बारीक करून, म्हणजे एफ-16 ला, मोकळ्या आभाळाचा फोटो काढून डाग दिसतात का. आणि शटर किती वेळा पडलंय. तो आकडा फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो. लेन्ससकट सव्वीस हजारांत मिळाला. वाचलेले पैसे कुठं खर्च केले, ते पुढं येईलच.

आता ज्या गोष्टीचा कॅमेऱ्याच्या कुठल्याही व्हिडिओत उल्लेख नसतो ती. तुमच्या हातातला कॅमेरा समोरच्याला कसा दिसतो? काही वर्षांपूर्वी मित्राचा मोठा कॅमेरा मागून घेतला होता, हातभर लांब लेन्सवाला. एका किल्ल्यावर चार-पाच पोरांनी थांबवलं. ‘कायले फोटो काढून राह्यला?’ मग नाव विचारलं. मी सांगितलं. नावानंतर त्यांचा सूर बदलला. ‘दाखव बरं काय काय काढलं.’ मी एकेक फोटो दाखवत गेलो. कमान, कमान, दगड, पुन्हा कमान. वीसएक कमानी पाहून पोरं कंटाळली. शेवटी त्यातल्याच एकानं तोफेवर बसून स्वतःचा फोटो काढून घेतला. गोष्ट हसण्यावारी गेली. पण खाली उतरताना माझे पाय थरथरत होते, हे लपवून काय करू.

आणि हा संशय फक्त तिकडूनच येतो असंही नाही. आमच्याच एका कब्रस्तानात मुतवल्लींनी मला अडवलं. ‘कोणत्या खात्याचे तुम्ही? मोजणीवाले का?’ वक्फ मिळकतींच्या नोंदींसाठी जून 2025 मध्ये ‘उमीद’ पोर्टल सुरू झालं, सहा महिन्यांची मुदत लागली, तेव्हापासून गावोगावचे मुतवल्ली कागदांच्या मागं धावताहेत. अशा दिवसांत कुणी अनोळखी माणूस मोठा कॅमेरा घेऊन कबरींमधून हिंडू लागला तर त्यांना धास्ती वाटणारच. त्यांच्या जागी मी असतो तर मीही अडवलं असतं. त्यांना मी फोटो दाखवले, चहा झाला आणि मग त्यांनीच झुडपात गेलेल्या दोन कबरी दाखवल्या, ज्या मला एकट्याला कधी सापडल्या नसत्या.

म्हणून माझा आग्रह लहान कॅमेऱ्याचा. लहान कॅमेरा गळ्यात असलेला माणूस पर्यटक दिसतो, नाहीतर शाळामास्तर. माझं नाव बदलणार नाही आणि बदलायचंही नाही. समोरच्याची पहिली नजर कशावर पडावी, एवढं मात्र माझ्या हातात आहे. संरक्षित वास्तूंच्या आवारात साधे फोटो काढायला आता अडचण नसते. पुरातत्त्व खात्यानं 2018 मध्ये अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातला मकबरा सोडून बाकी ठिकाणची बंदी उठवली. ट्रायपॉडला मात्र परवानगी लागते. ट्रायपॉड उभा केला की तुम्ही पर्यटक राहत नाही. त्यामुळं तो घेतला नाही. खांबाला पाठ टेकायची, श्वास रोखायचा, तीनदा बटन दाबायचं. तीनपैकी एक स्थिर येतो.

ट्रायपॉडऐवजी साधी टॉर्च घेतली आहे. कतब्यावर समोरून प्रकाश टाकला तर अक्षरं सपाट होतात. टॉर्च दगडाला चिकटवून बाजूनं मारली की प्रत्येक खाचेत सावली पडते आणि झिजलेलं अक्षरही उभं राहतं. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावर 1487 चा लेख आहे, बहमनी सुलतान महमूदशाहच्या काळातला, फतहुल्लाह इमादुलमुल्कनं दरवाजा बांधल्याचा. तिथं सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन हेच टॉर्चचं काम करतं. फक्त त्या वेळेला तिथं असायला हवं. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीसोबत संस्कृतमध्येही लेख आहे, फारुकी सुलतानाच्या काळचा. मशिदीत संस्कृत! हे मी तोंडी सांगतो तेव्हा दोन्हीकडचे लोक माझ्याकडं संशयानं पाहतात. स्वच्छ, वाचता येईल असा फोटो खिशात असला की वाद घालावा लागत नाही.

आमच्या घरात फोटोचं नातं तसं अवघड होतं. नानांचा आयुष्यात एकच फोटो निघाला, हजच्या पासपोर्टसाठी. तस्वीर जायज की नाजायज यावर त्यांच्या पिढीत खूप काथ्याकूट झाला. गंमत म्हणजे मदिन्याचे सर्वांत जुने ज्ञात फोटो एका मुसलमानानंच काढलेत. इजिप्तच्या लष्करातल्या मुहम्मद सादिक बेनं, 1861 मध्ये. पुढं 1880 च्या सुमारास हजला जाऊन त्यानं मक्केचेही काढले. मदिन्याला गेला त्या काळात काचेची प्लेट ओली असतानाच फोटो घ्यावा आणि धुवावा लागे. म्हणजे वाळवंटात काचा, रसायनं, पाणी आणि अंधाराचा तंबू सोबत. त्याच्यापुढं माझी 620 ग्रॅमची तक्रार कुणी ऐकून घेऊ नये.

फोटो काढणं सोपं, ते घरी पोचवणं अवघड. दिवसाला शंभर फोटो धरा. रॉ फाइल वीस-पंचवीस एमबीची. म्हणजे रोज दोन-अडीच जीबी, शंभर दिवसांत अडीचशे जीबीपर्यंत. सगळं एका मोठ्या कार्डावर ठेवणं म्हणजे सगळी अंडी एका टोपलीत नव्हे, एका अंड्यात ठेवणं. मागं एका प्रवासात माझं एकुलतं कार्ड बिघडलं. त्यात अम्मीच्या मावशीचे फोटो होते, तिच्या शेवटच्या वर्षातले. दुकानदारानं दोन दिवस ठेवून घेतलं, पैसे घेतले आणि रिकामं परत केलं. अम्मी काही बोलली नाही. तिनं नंतर एकदाच विचारलं, ‘मोबाइलात पण नाही का एखादा?’ नव्हता.

आता 32 जीबीची आठ कार्डं घेतली आहेत. दर आठवड्याला मोबाइलला केबल लावून छोट्या एसएसडीवर नक्कल, आणि भरलेलं कार्ड पाकिटात घालून घरच्या पत्त्यावर. रजिस्टर पोस्ट सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्टानंच. एसएसडी कमरेच्या पिशवीत, कॅमेरा पाठीवर. दोन्ही एकाच वेळी एकाच चोराला मिळू नयेत एवढीच अपेक्षा. प्रत्येक ठिकाणी पहिला फोटो गावाच्या पाटीचा काढायचा आणि दुसरा कतब्याशेजारी सहा इंची पट्टी धरून. शंभर दिवसांनी सगळे दगड सारखेच दिसतात.

वाचलेल्या पैशाचं सांगायचं राहिलं. ते छापील फोटोंसाठी ठेवले आहेत. चार बाय सहाचे. मागच्या वर्षी सोनाजी महाराजांच्या यात्रेत बांगड्या विकणाऱ्या एका म्हाताऱ्या फुफीचा फोटो काढला होता. तिनं पाहिला आणि म्हणाली, ‘आधारवर जी बाई आहे ना, ती मी नाही. ही मी.’ मी म्हणालो, आणून देतो. दिला नाही. यंदा यात्रेत तिची पथारी दिसली नाही. शेजारच्या दुकानदारानं सांगितलं, ती आजारी आहे, लेकीकडं तेल्हाऱ्याला असते.

खामगावहून छापून आणलेला तो फोटो आता पिशवीच्या वरच्या कप्प्यात आहे. अकोटला जाताना आधी तेल्हाऱ्याला उतरणार आहे. नरनाळ्याचं तिरपं ऊन एक दिवस उशिरा मिळेल.